पुलाजवळची उपडी पाटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नानासाहेब सामंत, महिला मंडळाच्या वतीने व्यासपीठावर बसलेल्या अनुपमाताई, आमचे सत्कारमूर्ती स्टेशनमास्तर श्री. दशरथ सखाराम पेडणेकर, त्यांच्या शेजारी शालीत अवघडून बसलेल्या रत्नप्रभावहिनी, माझे सहकारी, आणि मुलुंडच्या या गरम हॉलमध्ये पंख्याखालची जागा न मिळूनही टिकून राहिलेल्या बंधू-भगिनींनो,

मी चंद्रप्रकाश गुरव, सहायक स्टेशनमास्तर. सोमवारपासून मास्तरांच्या खुर्चीत मी बसणार, म्हणून चार शब्द मीच बोलावेत असं ठरलं. नानासाहेब मघाशी माझ्या कानात म्हणाले, "गुरव, आटोपतं घे, बटाटेवडे थंड होतायत." साहेब, वड्यांची मी आताच क्षमा मागतो. आज आटोपतं होणार नाही.

माझ्या आधी पाच जण बोलले. पाचही जणांनी एक गोष्ट सांगितली, की पेडणेकर मास्तर म्हणजे दक्ष माणूस. दिवा तीनदा बघतात. चावी तीनदा बघतात. केबिनला कुलूप लावून जिन्यापर्यंत जातात आणि परत येऊन ते ओढून बघतात. आपण हसलात, टाळ्याही वाजवल्या. वहिनी मात्र हसल्या नाहीत. मी पाहत होतो.

मी इथे आलो ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात. तेव्हा मास्तर कुलूप एकदाच लावायचे आणि खिशात चावी टाकून गाणं गुणगुणत निघायचे. मग तीनदा बघायची ही सवय कुठून आली? कधी आली? कुणी विचारलं का? मी तर विचारणं शक्यच नव्हतं. मला उत्तर माहीत होतं.

जुन्या मंडळींना आपली मिठागराची साइडिंग आठवत असेल. पूर्वेला, खाडीच्या चिखलातून गेलेली एकेरी लाइन. दिवसातून एकदा, अकराच्या सुमाराला, मिठाची मालगाडी तिच्यावरून जायची. जायची कसली, रांगायची. तिच्यापुढून म्हशी सावकाश उतरून जात. खाडीवरच्या कोळीवाड्याला कोरडा रस्ता असा नव्हताच. तेव्हा ही लाइन हाच त्यांचा रस्ता. सकाळी सातला कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन रुळांमधून बाजाराला निघायच्या. मध्ये नाल्यावर एक पूल होता, साठ पावलांचा. बाजूला सरकायला त्यावर वीतभर जागा नव्हती. स्टेशनकडच्या बाजूला वळण आणि तिवरांचं रान, त्यामुळे येणारी गाडी दिसायचीही नाही.

नियमाप्रमाणे त्यांनी तिथून चालायचंच नव्हतं. पण माणसं चालणारच, हे मास्तरांनी फार पूर्वीच ओळखलं. त्यांनी पुलाच्या कोळीवाड्याकडच्या तोंडाला एक खांब रोवला. अवेळी जादा गाडी येणार असली की आदल्या संध्याकाळी स्वतः चालत जायचे आणि त्या खांबावर मासळीची एक जुनी पाटी उपडी बांधून यायचे. पाटी उपडी दिसली की थांबायचं. खांब मोकळा असला की वाट मोकळी. ही पाटी आमच्या कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नव्हती. पण पंधरा वर्षांत त्या पुलावर कुणाला खरचटलं नव्हतं.

मी नवा असताना मास्तरांबरोबर एकदा तिकडे गेलो होतो. त्या खांबापाशी बायका पाट्या उतरवून आरामात बसलेल्या. त्यात शेवंती नावाची एक होती, सव्वीस-सत्तावीसची, मोठ्यानं हसणारी. मला म्हणाली, "नवा साहेब हाय का? ध्यान देऊन बघून ठेव. ही पाटी उपडी असली ना, तर देव आला तरी आमी उठायच्या न्हाय!" दर नारळी पौर्णिमेला मास्तरांना कोळीवाड्यात मान असायचा. होडीच्या पूजेचा पहिला नारळ त्यांच्या हातात देत.

आता विषयाकडे येतो. विषय आहे गोल्फ. हसू नका, खरंच गोल्फ.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत, साइडिंगच्या टोकाला भर घालून केलेल्या हिरवळीवर, एक फार मोठी स्पर्धा भरली. देशोदेशीचे खेळाडू येणार, बडे पाहुणे येणार. पण तिथे मोटारीला धड रस्ता नाही. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की मिठाच्या लाइनवरून खास प्रवासी गाडी सोडायची. चार डबे, डिझेल इंजिन, पुढे झेंडूच्या माळा. ज्या लाइनवर आयुष्यात मिठाशिवाय काही गेलं नाही, तिच्यावरून पांढऱ्या टोप्यांतले पाहुणे चेंडू बघायला जाणार! आम्हालाही केवढी ऐट वाटली. मी तर नवा बूट घेतला.

पहिल्या फेरीची वेळ आदल्या दुपारी ठरली. सकाळी सात वीस. मास्तरांनी नेहमीप्रमाणे संध्याकाळी पाटी उचलली आणि पुलाकडे गेले.

ते तिकडे असतानाच वरून एक साहेब आले. त्यांचं नाव घेण्यात अर्थ नाही. ते मला म्हणाले, "यंग मॅन, लाइनची जबाबदारी तुमची. पाहुण्यांना खिडकीतून कसलीही घाण दिसता कामा नये." मला कुणी यंग मॅन म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. मी पहाटेच गँग घेऊन निघालो. दगडांना चुना मारला, झोपड्यांपुढे कापडं ताणली, आणि उजाडता उजाडता पुलाच्या पलीकडच्या तोंडाला पोचलो.

तिथे खांबावर ती पाटी होती.

होय. होती. उपडी होती. सुक्या बोंबलांचा वास मारत होती.

गँगमधला बाळा म्हणाला, "साहेब, ही मास्तरांची पाटी हाय. ऱ्हाऊ द्या." बाळा पन्नाशीचा, रोजंदारीवरचा माणूस. त्याला कळलं होतं. मला कळत नव्हतं का? मंडळी, मला कळत होतं. शेवंतीनं मला ध्यान देऊन बघायला सांगितलं होतं आणि मी बघितलंही होतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी साहेबांचा चेहरा होता. मी म्हटलं, "आज पोलीस आहेत ना जागोजागी, ते थांबवतील. गाडी गेली की परत लावू." पाटी सोडली आणि तिवरांत भिरकावली. मग खांबालाही चुना मारून घेतला. छान दिसत होता.

पोलीस जागोजागी होते हे खरं. पाहुणे जिथे उतरणार होते तिथे. पुलावर कोण कशाला उभा राहील?

सात वीसच्या गाडीला मास्तर फलाटावर हार घेऊन उभे होते, तसा हुकूमच होता. गाडी सुटली. ती मिठाच्या गाडीसारखी रांगत गेली नाही. कोळणी पुलाशी आल्या, खांब मोकळा बघितला आणि निघाल्या. पुढे शेवंतीची बहीण मथुरा होती, ती धावत पार झाली. मागच्या मागे फिरल्या. शेवंती मधोमध होती आणि तिच्या डोक्यावर भरलेली पाटी होती.

स्पर्धा वेळेवर सुरू झाली.

मास्तर धावत पुलापाशी आले तेव्हा मी पुढच्या कामावरून धावत परत आलेलो होतो. त्यांनी शेवंतीकडे बघितलं, तिच्यावर कुणीतरी लुगडं टाकलं होतं. मग ते त्या पांढऱ्या खांबाकडे बघत उभे राहिले. मग माझा दंड धरून म्हणाले, "चंद्रू, मी काल पाटी लावलंय मा रे? माका आठवता मी लावलंय. लावलंय काय रे?"

मी म्हटलं, "काय माहीत, मास्तर."

एवढंच म्हटलं. तीन शब्द. त्यांना पुरले.

बाळाला मी त्याच दुपारी गाठलं आणि सांगितलं, बोललास तर दोघांची नोकरी जाईल, आधी तुझी जाईल. तो पुढच्या महिन्यात गावी निघून गेला आणि तिकडेच वारला. चौकशी झाली. चौकशीत पाटीला काही किंमतच नव्हती. बाई रुळावर बेकायदा चालत होती, विषय संपला. उलट खात्याला न विचारता खांब रोवला म्हणून मास्तरांची बढती अडवली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना एकच प्रश्न खात होता, आपण पाटी लावली होती की नव्हती. पहिले सहा महिने म्हणायचे, लावली होती. मग म्हणायला लागले, बहुतेक लावली होती. वर्षानं म्हणाले, "नाय रे, इसारलंय असतलंय मी." आणि तेव्हापासून हे कुलूप, हा दिवा, ही चावी. तीन तीन वेळा. वहिनींनी एकदा मला सांगितलं होतं, की हे रात्री उठून गॅसचा नळ बघतात, आणि बघून झाल्यावरही तिथेच उभे राहतात. मी त्यांना डॉक्टरचा पत्ता दिला. बघा माझा निलाजरेपणा!

कोळीवाड्यानं मास्तरांचं नाव टाकलं. त्यांच्या घरी मासळी येणं बंद झालं. नारळी पौर्णिमेला मास्तर पुलापर्यंत जायचे आणि परत यायचे. चार वर्षं. दर वेळी मी ठरवायचो, आता सांगू. मग माझं लग्न ठरलं, मग मुलगी झाली, मग बढतीची परीक्षा आली. कारणांना काय तोटा?

गेल्या आठवड्यात मी सगळं लिहून वर नेऊन दिलं. टेबलापलीकडचे साहेब चांगले गृहस्थ होते. वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "ती साइडिंगच आता उखडलीय, गुरव. फाइल बंद झालीय. कशाला त्रास करून घेता?" आणि मला नव्या पदाच्या शुभेच्छा दिल्या. म्हणजे शिक्षा मागायला गेलो तर तीही मिळेना. त्या गोल्फच्या क्लबाला आता डांबरी रस्ता झाला आहे. रूळ नाहीत, पुलाचे नुसते खांब उरलेत. जे परत लावू म्हणालो होतो, ते लावायला आता जागाही शिल्लक नाही.

शेवटच्या रांगेत, दाराजवळ, मथुराबाई बसल्या आहेत. काल मी त्यांना बोलवायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "त्या मास्तरच्या सत्काराला मी येऊ? त्यानं माझी भैन घालवली." मी म्हटलं, या, एक गोष्ट सांगायची आहे. मथुराबाई, ती गोष्ट ही होती. ज्याच्यावर थुंकायचं तो हा इथे माइकपाशी उभा आहे. तो शाल घेऊन बसलेला माणूस नव्हे.

अनुपमाताई, वहिनींना पाणी द्या.

मास्तर, मान वर करा. ती पाटी काथ्यानं बांधली होती. दोन गाठी होत्या. पहिली सहज सुटली. दुसरी तुम्ही इतकी घट्ट मारली होती, की सोडवताना माझं नख मुळापासून उखडलं. हे बघा, उजव्या हाताची तर्जनी. अजून वाकडंच येतं. चार वर्षं मी हा हात खिशात ठेवून तुमच्यासमोर उभा राहिलो. तुम्ही विसरला नव्हता. एकदाही नाही.

याने शेवंती परत येत नाही. तुमची चार वर्षंही येत नाहीत. एवढं मला कळतं.

अध्यक्षमहाराज, आपण बोलू दिलंत, सभागृहानं ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे. बोलताना एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल तर तो आपण पोटात घालावा. बाकी जे आहे ते पोटात घालण्यासारखं नाही, आणि तसं मी कुणाकडे मागणारही नाही.

मास्तर, आज घरी गेल्यावर दाराला कुलूप एकदाच लावा.