पट्टा सुस्थितीत

मी क्रेन ऑपरेटर, वय ५२ वर्षे, साच्यांच्या कारखान्यात अठरा वर्षे नोकरी, राहणार कारखान्यामागची वसाहत, खोली नंबर चौदा. कारखान्यात मला मामा म्हणतात. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

काल सकाळी सव्वादहा वाजता मी दोन टनांचा लोखंडी साचा क्रेनने उचलून मशीनकडे नेत होतो. साचा हूकला ज्या पट्ट्याने टांगला होता, तो कडेला फाटलेला होता. साचा कमरेएवढ्या उंचीवर असताना पट्टा तुटला आणि साचा फिटरच्या डाव्या पायावर पडला. फिटर माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कामाला मीच लावलं. त्याचं पाऊल काढावं लागलं.

मॅनेजरसाहेबांनी लिहून दिलं आहे की फिटर हलगर्जीपणाने वजनाजवळ गेला. साहेब तेव्हा केबिनमध्ये पाठ करून फोनवर होते. साचा दोरी बांधून लांबून वळवायचा असतो. त्यात वेळ जातो म्हणून हातानेच वळवा, हा हुकूम साहेबांचाच. चूक फिटरची ठरली तर पायापाठोपाठ त्याची नोकरीही जाईल.

नवे पट्टे सहा आहेत. ते ऑफिसात काचेच्या कपाटात कुलपात असतात, तपासणीवाले आले की दाखवायला. सोमवारी मी एक मागितला. साहेब म्हणाले, "मामा, वापरले की मळतात हो. पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत." अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? मी मुकाट्याने परत आलो आणि फाटकाच लावला.

पट्टा चांगला होता हे दाखवायला साहेबांनी रोजच्या तपासणीचा तक्ता तुम्हाला दिला आहे. कालच्या तारखेसमोर 'पट्टा सुस्थितीत' आणि खाली माझी सही. सही माझीच आहे. आमच्याकडे एक तारखेलाच महिनाभराच्या सह्या उरकतात. साहेब तक्ता पुढे सरकवतात आणि आम्ही शहाणे चहा पिता पिता सह्या ठोकतो. तो तक्ता शेवटपर्यंत पाहावा. उद्याही पट्टा सुस्थितीत आहे. रविवारी कारखान्याला कुलूप असतं, तेव्हाही तो मीच तपासलेला आहे. साहेबांना लाज नाही, हे खरं. मलाही नव्हती.

यात माझ्यावर जे येईल ते येऊ द्या.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. तरी मी तो हातात घेऊन स्वतः वाचला आणि मगच सही केली.