तात्यांच्या बुडालेल्या अंगणातलं लग्न

मंडळी, एवढे सगळे जमलात. व्याह्याने व्याह्याबद्दल चांगलं बोलायचं, तेही माईकवर, हे अवघड काम. त्यात समोर सूनबाई बसली आहे. वडिलांबद्दल काही चुकलं, तर ती इथेच मला दुरुस्त करील. तरी बोलतो. गोविंदतात्या गेले, गप्प बसवत नाही.

तुमचं जुनं गाव धरणात गेलं. मी रत्नागिरी शहरातला. त्या धरणाची भिंत पहिल्यांदा पाहिली, ती मुलाचं लग्न ठरवायला आलो तेव्हा. काँक्रीटची, धनुष्यासारखी वाकलेली. मी विचारलं, "तात्या, भिंत वाकडी का?"

"वाकडी नाय वो. आख्खा गाव गिळलान ना, म्हणून आमच्याकडे पोट काढून उभी हाय!"

लग्न ठरलं. हॉल कुठला? तात्या म्हणाले, "हॉल कशाला? माझ्या जुन्या घराचं अंगण हाय की. मे महिन्यात पाणी उतरलं की जोतं नि अंगण वर येतं. पोर तिथे जन्मली, तिथूनच सासरी जाईल."

मी संतापलो. बायको म्हणाली, "मुलगी चांगली आहे, गप्प बसा." बसलो.

मांडव सुरेख होता हो! मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडे लख्ख ऊन, पण वर डोंगरात वळीव कोसळलेला. खाली बघतो, तर पायांत पाणी! करवल्यांनी लपवायच्या आत नवऱ्याचे बूट धरणाकडे निघाले. भटजी "सावधान" म्हणाले, ते त्या दिवशी सगळ्यांनी मनावर घेतलं.

मी ओरडलो, "तात्या, हे काय?"

धोतर गुडघ्यापर्यंत खोचून तात्या शांत. "घाबरताव कशाला, व्याहीबुवा? पाणी रोज हितंच राहतं. आज पाव्हणे आपण."

होम जोत्यावर हलवला. सप्तपदी तिथेच, अंग चोरून. जेवणं टेकाडावर, उभ्यानेच.

मग पाठवणी. तोवर पाणी जोत्यावरही चढलेलं. तात्यांनी लेकीला उंबऱ्याच्या दगडापाशी नेलं. घराला भिंती नाहीत, छप्पर नाही. तिने पाण्यात हात घालून उंबऱ्याला नमस्कार केला. तात्या म्हणाले, "कधीही ये गो. दार उघडंच हाय."

मंडळी, दिवसभर जपलेला माझा राग तिथेच विरला. भिजलेल्या विजारीनिशी मीही त्या उंबऱ्याला हात लावला.

दर उन्हाळ्यात तात्या ते अंगण सारवायला जायचे. सूनबाई म्हणते, यंदा मी जाणार. मी म्हटलं, चल, शेण मी कालवतो.

आता उभे राहूया. थोडा वेळ कोणी बोलू नका.

तात्या, व्याह्याचा नमस्कार घ्या.