दोघांची खोली

नको, नको, ती कुंडी खिडकीत नका ठेवू, बाईसाहेब — मला इथं राहायचंच नाही, तर फुलं कुणासाठी? बसा तुम्ही. जपून, खुर्ची डुगडुगते. हो, खोली छानच आहे, मी कुठं नाही म्हणते? दोघांना पुरेल असा पलंग, स्वतःची शेगडी, आणि दाराला आतून कडी — आतून, बाईसाहेब! या वर्कहाउसात, या गरीबखान्यात आल्यापासून आतून लागणारी कडी मी आज पहिल्यांदा बघितली. साठी उलटलेल्या नवरा-बायकोला एकत्र राहू द्या म्हणून तुम्ही हे वर्कहाउस चालवणाऱ्या मंडळाच्या त्या ढेरपोट्यांच्या नाकीनऊ आणलेत, सगळं नॉर्विच शहर बोलत होतं म्हणे. उपकार आहेत तुमचे. पण माझा नवरा, एलायजा, यायचा नाही. आजारी? छे हो, ठणठणीत आहे मेला! नको म्हणाला. इथल्या साहेबांनी विचारलं, तुझ्या थर्झाबरोबर खोलीत राहतोस का, तर स्वच्छ नको म्हणाला.

तुम्हाला वाटत असेल, आम्हाला कुणी नव्हतं म्हणून आम्ही इथं आलो. सगळ्यांना तसंच वाटतं. माझ्या आजीच्या वेळी बरं होतं बघा — माणूस थकलं की पॅरिशकडून, म्हणजे गावच्या चर्चकडून घरी पाव यायचा, थंडीत कोळसा यायचा, आपली चूल सोडून ये असं तिला कुणी म्हटलं नाही. आमच्या वेळी एक अधिकारी आला, घरभर फिरला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, गादीवरची चादर उचलून बघितली, आणि म्हणाला, घरी काही मिळायचं नाही, हवं तर वर्कहाउसमध्ये या. एलायजाचे डोळे अधू झालेले — जन्मभर बूट शिवले, आता टाका दिसेना — तो काय करणार? पण मला — जाऊ दे, हे सांगायचं नव्हतं — बरं, तोंडातून निघालंच आहे तर ऐका. मला जागा होती. माझी लेक केतुरा यार्मथला असते, तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर. ती म्हणाली, आई, तू ये, पोरं सांभाळ, चुलीजवळ उबेला झोप — पण बाबा नकोत, त्यांचं नि माझ्या नवऱ्याचं पटत नाही. मी म्हटलं, अगं, ज्याच्याबरोबर जन्म काढला त्याला एकट्याला त्या फाटकात सोडू आणि मी तुझ्याकडे हेरिंग मासे तळत बसू? रडली पोरगी. मग रागावली. आता तिची काही खबरबात नाही.

आणि इथं तर फाटकातच वेगळं करतात! तो तिकडे, मी इकडे, अंगावरचे कपडे काढून घेतले आणि हा पट्ट्यापट्ट्यांचा झगा दिला. जाता जाता एलायजा माझ्या कानाशी आला नि म्हणाला, थर्झा, रविवारी प्रार्थना संपली ना, आमेन झालं की मी दोनदा खोकेन, तू एकदा खोक, म्हणजे मला कळेल. प्रार्थनेला बसतो तिथं मध्ये फळ्यांचा आडोसा आहे ना, बायकांना पुरुष दिसत नाहीत, पण खोकला ऐकू येतो. तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही मी. एकदा अंगात ताप होता तरी उठून गेले आणि खोकले, तर मेट्रनला वाटलं छातीच भरली, तिनं मोहरीचा लेप थापला! हसा, हसा. पण त्या खोकल्यावर मी जगले, बाईसाहेब.

आणि हा काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, साहेब, मी इथंच बरा आहे, तंबाखू मिळते, डॉमिनोचा डाव असतो, आणि शांतता असते. शांतता! ती आली की दिवसभर बोलत बसेल, म्हणाला — सगळ्या वॉर्डासमोर, आणि हसले मेले सगळे. कपडे धुणाऱ्या बायकांपर्यंत पोचलं ते, मला त्यांच्याकडून कळलं. मी जास्त बोलते का हो? — नाही, सांगू नका. तुमचा चहा गार झालाय, ते दिसतंय मला. पण घरी तो बूट शिवायला बसायचा तेव्हा तोच म्हणायचा ना, बोल गं थर्झा, तुझ्या बोलण्यानं माझा हात चालतो! तेव्हा खोटं बोलत होता की आता? सांगा ना. लेकीचं घर सोडलं मी या माणसासाठी, तिची माया सोडली, नातवंडांची तोंडं सोडली, आणि हा एका डॉमिनोच्या डावासाठी मला सोडतो. फसवलं हो मला. कुणी नाही, माझ्याच माणसानं फसवलं.

एकटीला? छे, एकटीला कुठली देतात खोली! सूझन क्रिस्पला द्या, तिचा म्हातारा आडोशापलीकडून दर रविवारी तिचं नाव घेऊन हाक मारतो नि शिव्या खातो. ही कुंडीही तिलाच द्या. मी आज नुसती बघायला आले होते. कडी एकदा लावून बघितली, तुम्ही यायच्या आधी.

आणि कालची गंमत ऐका. काल रविवार. आमेन झालं आणि खोकला! दोनदा. जसं काही झालंच नाही! त्याला वाटतं, एवढं पुरतं मला. मी ओठ घट्ट मिटून बसले. परत खोकला, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, पाद्रीबुवा थांबून बघायला लागले. मी नाही खोकले, बाईसाहेब. घसा दुखून आला आवरून आवरून, पण नाही खोकले.

घंटा झाली. उठा, माझी मोजे रफू करायची टोपली तशीच पडलीय. निरोप? त्याला कसला निरोप! काही नको — थांबा. एवढं सांगा, आता खोकू नकोस म्हणावं. त्याची छाती नाजूक आहे, उगाच दुखेल. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका. कुंडी घ्या, निघा. नाही, काही विचारू नका आता, मला बोलायचं नाही.