गार हात

वारली त्याच्या आदल्या दुपारीही आई चर्चच्या पाळणाघरात गेली होती. गरीब वस्तीतल्या मुलांना तळपाय चोळून झोपवायचं, ही तिची सेवा. सकाळी ती उठलीच नाही.

महिन्याभराने आज पाळणाघराच्या थांब्यावर तिथल्या दोन ताई बसमध्ये चढल्या आणि माझ्या पुढ्यात बसल्या. मला त्या ओळखत नव्हत्या.

"आज पोरं गुपचूप झोपली! अफू चारलीस की काय?"

"आजींनी तळपाय चोळले म्हणे."

"काहीतरीच! आजी वारल्या ना गं?"

"मीही तेच म्हटलं. तर आपली चिमणी म्हणते, हात गार होता."

"बाई गं! आणि?"

"आजी विचारत होत्या म्हणे, माझी मुलगी झोपते का?"

"नाही झोपत, आई," मी मोठ्याने म्हणाले. "घरी ये. तू होतीस तेव्हा हे कधी म्हटलंच नाही."