पोर्चला लॉबी म्हणणारा रखवालदार

नाव खाली सहीप्रमाणे. वय ६८ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी इमारतींचे नकाशे काढण्याचे काम. राहणार: खाली नमूद इमारतीचा दुसरा मजला. तेथील रहिवासी समितीची मी सचिव आहे.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझी धाकटी जाऊ, वय ६१, राहणार तिसरा मजला, हिच्या मृत्यूबाबत माझ्या पुतण्याने, म्हणजे तिच्या मुलाने, रखवालदाराविरुद्ध तक्रार दिली आहे. रखवालदाराने जागा चुकीची सांगितल्याने मदतीस उशीर झाला, असे त्याचे म्हणणे आहे. जागा चुकीची सांगितली, हे खरे आहे.

इमारतीच्या दाराबाहेर पोर्च आहे; वर छप्पर, बाजू उघड्या. आत लिफ्टसमोर लॉबी आहे. मध्ये दुधी काचेचे दार आहे. रखवालदार दोन्हींना लॉबीच म्हणतो. मी त्याला चार वर्षे टोकत आले. "अर्थ कळला ना, बाई?" असे तो म्हणे. "शब्द चुकला की अर्थ चुकतो," असे मी म्हणे. जाऊ हसायची. "जाऊबाई, तुमच्याकडे यायचं म्हणजे आधी नकाशा वाचायचा!"

मंगळवारी दुपारी २.१० वाजता त्याने इंटरकॉमवर सांगितले, "बाई, तुमच्या जाऊबाई लॉबीत बसल्यात. बरं वाटत नाही म्हणतात. मला त्यांना सोडून येता येत नाही, तुम्ही या."

जावेला बरे न वाटणे नेहमीचे होते. मी गाडीची किल्ली घेऊन खाली गेले. लॉबी रिकामी होती. मी तेथील बाकावर बसले. त्याने आत येऊन आपला शब्द दुरुस्त करावा, असे मला वाटले. काचेपलीकडे कोणी वाकलेले दिसत होते. मी सात मिनिटे बसले.

मग त्याने दार उघडले. "अहो बाई, तुम्ही आतच बसलात?"

मी म्हणाले, "तू लॉबी म्हणालास."

जाऊ पोर्चच्या लॉबीत खुर्चीवर होती. माझी गाडी तिच्यापासून चार पावलांवर उभी होती. रुग्णालय गाडीने सहा मिनिटांवर आहे. तेथे दारातच तिला मृत घोषित केले.

खालचा इंटरकॉम फक्त पोर्चमध्ये आहे. त्याची जागा नकाशावर मीच दाखवली होती. त्यामुळे तो कुठून बोलत आहे, हे मला पहिल्या शब्दालाच माहीत होते. रखवालदाराचा दोष नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. एका ओळीत लेखनिकांनी 'पोर्चच्या लॉबीत' असे लिहिले आहे. अर्थ कळतो. खोडू नये.