दोरीबाहेरची मालकीण

जुन्या घरांच्या त्या संग्रहालयाचं कौतुक मला सांगू नका. सत्तरच्या दशकात कलकत्त्यात बातमीदार असताना मी त्याच्या उद्घाटनाला गेलो होतो. शहराबाहेर बजबजजवळ तेलाच्या टाक्यांसाठी एक वस्ती उठवली आणि तिथलं एक मातीचं घर आणून संग्रहालयाच्या मैदानात उभं केलं. दाराला दोरी बांधली. त्या घराची म्हातारी मालकीण दोरीपाशी उभी होती.

"माशीमा, मागे व्हा," पहारेकरी म्हणाला. माशीमा म्हणजे मावशी.

"अरे, माझं घर आहे."

"होतं. आता सरकारी आहे."

मी तिथल्या अधिकाऱ्यावर भडकलो. "तिला आत का सोडत नाही?"

"दादा, माणसं वावरली की घर खराब होतं."

"मग इतकी वर्षं ती काय अंगणात राहिली?"

शेवटी दोरी सोडली. म्हातारी आत जाऊन विझलेल्या चुलीपाशी बसली. बंद व्हायची घंटा झाली तशी उठली, उंबऱ्याला हात लावून घराला म्हणाली, "आशी." निघताना बंगालीतही 'जाते' म्हणत नाहीत, आपल्यासारखं 'येते'च म्हणतात.

पहारेकरी दोरी बांधत म्हणाला, "उद्या बंद असतं, माशीमा."