मोकळी चौकट

आत्या : वाचू नकोस. डोळे मीट आधी, मग बंद कर ते.

भाची : डोळे मिटून कसं बंद करू, आत्या?

आत्या : मग खुर्ची फिरव. वाचनालयात कुणी काय काय वाचलं ते सगळं संगणकाच्या पडद्यावर उघडं पडलंय, आणि हिला विनोद सुचतायत.

कुलूपवाले : चूक माझी, बाई. कुलूप दिसलं की हात शिवशिवतात. धंद्याची खोड.

भाची : पण तुम्ही टाकलंत काय, काका?

कुलूपवाले : सभासद क्रमांक माझाच. गुप्त आकड्याच्या जागी शून्य, आणि पुढे इंग्रजीत ‘किंवा एक बरोबर एक’. पेपरात वाचलं होतं. म्हटलं, बघू तर खरं.

भाची : अरे देवा.

आत्या : मला कळेल असं बोल.

भाची : यादी काढायचा हुकूम मी संगणकाला लिहून दिलाय. काकांनी टाइप केलेलं मी जसंच्या तसं त्या हुकमाला चिकटवत होते. यंत्राला वाटलं, तेही मीच सांगतेय. आकडा जुळला तर यादी दाखव, किंवा एक बरोबर एक असेल तर दाखव. एक बरोबर एक तर कायमच असतं. त्याने सगळ्यांच्याच याद्या काढून दिल्या.

आत्या : बावीस वर्षं या टेबलावरून एकाचं वाचन दुसऱ्याच्या कानी गेलं नाही. पाच वाजता लोक येतील. तोवर हे नीट झालं नाही, तर हे खोकं चादरीत गुंडाळून तुझ्या बापाकडे पाठवते.

भाची : सोपं आहे गं. ‘किंवा’ आलं की अडवायचं.

कुलूपवाले : मग मी दुसरा शब्द आणीन. एकाच चोराला अडवणारं कुलूप काय कामाचं, पोरी?

आत्या : माझ्या चिठ्ठ्या तू रद्दीत घातल्यास. जुनाट म्हणालीस. वर छापलेलं असायचं, ‘मला पुढील पुस्तक हवे आहे’, आणि खाली एक मोकळी चौकट. एका दीडशहाण्याने त्या चौकटीत लिहिलं, ‘कुठलंही चालेल, आणि कपाटाची किल्लीही द्या.’

भाची : मग? दिलीस किल्ली?

आत्या : किल्ली कशाला देऊ? त्या नावाचं पुस्तक शोधलं. सगळी कपाटं पाहिली. नाही मिळालं, तसं लिहून चिठ्ठी परत केली.

कुलूपवाले : तासभर उभं केलंत मला.

आत्या : ते तुम्ही होतात?

भाची : थांबा, थांबा. म्हणजे चौकटीत काहीही लिहिलं, तरी ते पुस्तकाचं नावच.

आत्या : मग दुसरं काय? हुकूम माझा, छापलेला. चौकट तेवढी त्यांची.

भाची : आत्या, हे आम्हाला शिकवलं होतं गं. कंटाळा केला मी. हुकूम आधी पाठवायचा, आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवून. आकडे मागून, वेगळे. मग तिथे कुणी अख्खी कादंबरी लिहिली, तरी यंत्र ती नुसती आकड्याशी ताडून बघतं. ती हुकमात मिसळत नाही.

आत्या : असा कंटाळा किती ठिकाणी केलायस?

भाची : सात. शोध, नोंदणी, पुस्तक परत घेणं... सगळीकडेच.

आत्या : मग सातही ठिकाणी नीट कर. मी शेजारी बसते.

(पाचला दहा मिनिटं कमी.)

भाची : या काका, आता फोडा.

कुलूपवाले : शून्य, किंवा, एक बरोबर एक... ‘गुप्त आकडा जुळत नाही.’ बरं, आता जरा वेगळं... ‘जुळत नाही.’ हेही? ...नाही. बाई, पक्कं बसलंय.

आत्या : पोरीने आज माझी अब्रू राखली. घालवलीही तिनेच होती म्हणा. मी दार उघडते.

कुलूपवाले : पोरी, त्या लांब आहेत तोवर विचारतो. मघाशी यादीत माझं नाव अगदी वर होतं. प्रेमपत्रं कशी लिहावीत, ते एकच पुस्तक तीनदा नेलंय मी. या वयात. तू... वाचलंस का?

भाची : मला तुमचा गुप्त आकडा कुठे ठाऊक आहे, काका?